मुलीच्या पायांसाठी केलेलं जिग

बॅलेमध्ये पायांच्या पाच पोझिशन असतात. पहिलीत टाचेला टाच लावायची आणि चवडे बाहेर वळवायचे, दोन्ही पावलं एका सरळ रेषेत आली पाहिजेत. दुसरीत तेच, फक्त टाचांमध्ये पाऊलभर अंतर. तिसरीत एका पायाची टाच दुसऱ्या पावलाच्या मध्याला टेकते. चौथीत एक पाय पुढे, एक मागे, मध्ये मोकळी जागा. पाचवीत ती जागा बंद होते. पुढची टाच मागच्या अंगठ्याला, मागची टाच पुढच्या अंगठ्याला. पावलं अशी चिकटली पाहिजेत की मधून कागद जाऊ नये.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. मी स्वतः आयुष्यात कधी नाचलेलो नाही. गणपतीच्या मिरवणुकीतही मी कडेने, चपला सांभाळत चालणारा माणूस. साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात मी टूलरूम बघतो. आम्ही जिग बनवतो. जिग म्हणजे एक पकड. एखाद्या लोखंडी भागाला, आम्ही त्याला जॉब म्हणतो, भोक पाडायचं असेल तर तो भाग पकडीत एकाच तऱ्हेने बसतो, हलत नाही, आणि मग कितीही भाग केले तरी भोक त्याच जागी पडतं. कामगाराचा हात चुकला तरी काम चुकत नाही. या कामात माझी पंचवीसेक वर्षं गेली आहेत आणि मी ते चांगलं करतो.

मी माझ्या मुलीच्या पायांसाठी एक जिग केलं होतं. ते कसं केलं आणि त्याचं काय झालं, हे मला लिहून टाकायचं आहे.

आम्ही कांजूरमार्गला राहतो. मुलगी दहा वर्षांची असताना शाळेच्या सुट्टीतल्या शिबिरात तिला बॅले भेटला. शिबिर संपलं, पण ती संपू देईना. मग शिकवणाऱ्या मिस मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी क्लास घेतात असं कळलं आणि मी तिला तिथे नेऊ लागलो. पालकांनी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसायचं. दार अर्धं उघडं असे. बाकावर बहुतेक आयाच असत. वडील मी एकटा, कारखान्यातून थेट आलेला, नखांत काळं.

एकदा सीनियर बॅचची एक मुलगी आपले पॉइंट शूज बांधत पायरीवर बसली होती. पुढचं टोक कडक असलेले ते गुलाबी बूट. माझी मुलगी तिच्यापाशी जाऊन उकिडवी बसली आणि विचारून एका बोटाने त्या टोकावर टकटक केली. मग धावत माझ्याकडे आली.

"पप्पा, आत लाकूड असल्यासारखं वाजतं. मला हे पाहिजेत."

"बघू."

"बघू नाही. मला पाहिजेतच. दुसरं काही नको मला कधीच."

ते बूट विकत घेऊन मिळत नाहीत, हे मला नंतर कळलं. म्हणजे दुकानात मिळतात, पण मिसने परवानगी दिल्याशिवाय घालायचे नसतात. वार्षिक कार्यक्रमानंतर मिस या बॅचमधल्या चार मुली वर घेणार होत्या. त्या चौघींना बूट मिळणार होते. मुलीला त्या चौघींत जायचं होतं. मलाही तेच हवं होतं. आधी तिच्याइतकं, मग तिच्याहून जास्त.

ते जास्त कधी झालं तेही मला आठवतं. बाकावर शेजारी बसणाऱ्या एका आईने दारातून आत बघत मला सहज म्हटलं, "तुमच्या मुलीचे पाय जरा बंद आहेत ना?"

"बंद म्हणजे?"

"म्हणजे उघडत नाहीत पूर्ण. बघा ना, बाकीच्यांचे कसे सरळ जातात. असतं एकेकाचं. बांधाच तसा असतो हो."

मी बघितलं. पहिल्या पोझिशनमध्ये बाकीच्या मुलींची पावलं घड्याळातल्या पावणेतीनसारखी आडवी होती. निदान मला तशी दिसली. माझ्या मुलीची दहा वाजून दहा मिनिटांसारखी. त्या बाई वाईट नव्हत्या. मला त्यांनी डब्यातली चकलीही दिली. मी ती खाल्ली, आणि खाताना ठरवलं की हिचे पाय मी उघडून दाखवीन. बांध्याचं काय सांगता मला? बांधा दुरुस्त करणं हेच माझं काम.

अठरा मिलिमीटरचा प्लाय घेतला. त्यावर सागवानी पट्ट्या बसवल्या, आतून फोम लावला. पट्ट्या मध्यावर फिरतील अशा ठेवल्या आणि हव्या त्या कोनात, हाताने फिरवायच्या विंग नटने आवळता येतील अशी सोय केली. मागे कोनमापकासारखी कमान आखली, तिच्यावर पितळी काटा. टाचांसाठी खोबण. चौथ्या आणि पाचव्या पोझिशनसाठी पट्ट्या काढून दुसऱ्या लावता येत होत्या. कारखान्यात सगळ्यांनी बघितलं. मालक म्हणाले, "झकास झालंय यार, पेटंट घे." मी ते जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणलं तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या होत्या. हे मला विसरता येत नाही. तिने टाळ्या वाजवल्या होत्या.

पद्धत अशी होती. तिने गुडघे वाकवायचे. गुडघे वाकवले की पावलं जास्त बाहेर फिरतात, हे मी मोबाईलवरच्या व्हिडिओंत बघितलं होतं. मग पावलं पट्ट्यांमध्ये बसवायची, मी नट आवळायचे, आणि मग तिने हळूहळू सरळ उभं राहायचं. सरळ होताना तिचा चेहरा बदलत असे. दर आठवड्याला मी काटा थोडा पुढे नेत असे. मी समोर स्टुलावर चहा घेऊन बसायचो.

"पप्पा, गुडघ्यात काहीतरी पिळतंय."

"पिळायलाच पाहिजे. त्याशिवाय उघडणार कसं?"

"थोडं सैल कर ना."

"सैल केलं की सगळं मागे जातं. रडायचं तर रड, पण पाय हलवायचा नाही."

ती आवाज न करता रडायला शिकली. मी त्याला प्रगती म्हणत होतो.

बायको स्वयंपाकघरातून बघायची. ती कणकवलीकडची, बोलायला फटकळ. एकदा ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"अहो, पोरगी आहे ती. तुमच्या कारखान्यातला जॉब नाही."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला पाय कळत नाहीत. रडणं कळतं. तुमचं नेमकं उलटं आहे."

"तिला बूट पाहिजेत. विचार तिला."

बायकोने तिला विचारलं. ती त्या फळ्यावर अडकून उभी होती, गालांवर ओघळ सुकलेले. ती म्हणाली, "हो आई. पाहिजेत." मी बायकोकडे बघून हात पसरले. जिंकल्यासारखे.

मी तिला कधी मारलं नाही. हे मी नातेवाइकांत अभिमानाने सांगायचो. पण ज्या दिवशी तिचे पाय ठरलेल्या कोनात टिकत नसत, त्या दिवशी मी जेवताना तिच्याशी बोलत नसे. वरण वाढ म्हटलं तरी ऐकलं नाही असं दाखवायचो. ती पुन्हा म्हणायची, मग हळू आवाजात म्हणायची, मग कोरडाच भात खायची. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन फळा ओढून आणायची. बायकोला मी म्हणायचो, बघ, जबरदस्ती नाही कुणाची.

मग मी नियम केला की उभं राहायचं असेल तेव्हा तिसऱ्या पोझिशनमध्येच उभं राहायचं. दात घासताना, लिफ्टची वाट बघताना, शाळेच्या प्रार्थनेला. त्या वर्षी घाटकोपरला माझ्या थोरल्या भावाकडे गणपतीला गेलो होतो. आरतीला सगळे दाटीवाटीने उभे होते. मुलगी माझ्या पुढे, हातात टाळ. सगळ्यांची नजर मूर्तीकडे. माझी तिच्या पावलांकडे. तिसऱ्या कडव्याला तिचं मागचं पाऊल सरकून आत वळलं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याने ते ढकलून बाहेर केलं. ते पुन्हा वळलं. मी पुन्हा ढकललं. टाळ वाजवत असताना तिचा एक पाय थरथरत होता. वहिनीने ते बघितलं.

आरती संपल्यावर वहिनी मोठ्याने म्हणाली, "काय गं, बदकासारखी काय उभी राहतेस? वात आला काय पायात?" चुलत भावंडं हसली. एकाने हॉलभर बदकासारखं चालून दाखवलं. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी म्हणालो, "दाखव ना त्यांना. पाचवी करून दाखव." तिने टाळ खाली ठेवले आणि सगळ्यांसमोर गुडघे वाकवून पाचवी केली. कुणाला काही कळलं नाही. भाऊ म्हणाला, "बरं आहे," आणि प्रसादाचं ताट पुढे केलं.

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय हे सगळं अज्ञानातून झालं असं वाटेल. कारखान्यात नवीन आलेल्यांना मी पहिल्या आठवड्यात शिकवतो ते हे: पकडीत धरलेल्या जॉबचं माप घ्यायचं नाही. जोर लावून आवळलं की लोखंडही वाकून तुम्हाला हवं ते माप दाखवतं. पकड सोडा, त्याला मोकळं होऊ द्या, मग मोजा. जे उरेल ते खरं. हे मला माहीत होतं. घरी मी रोज पकडीत मोजत होतो. फळ्यावरून उतरल्यावर ती बाथरूमकडे लंगडत जाताना तिची पावलं सरळ पुढे असत, पूर्वीसारखीच. ते मी बघत होतो. तेव्हा मी काट्याकडे बघायचो.

निवडीच्या दिवशी मिसने पालकांना आत बोलावलं. हॉलच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुली भिंतीलगतचा आडवा बार एका हाताने धरून उभ्या राहिल्या. मिस म्हणाल्या, "पहिली." माझ्या मुलीने गुडघे हलकेच वाकवले, पावलं फिरवली, सरळ झाली. पावणेतीन. तिच्या शेजारणीच्याही पुढे. चकलीवाल्या बाईंनी माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या. मी शर्टाची कॉलर नीट केली. "पाचवी." तिने पाचवी केली आणि खरोखरच मधून कागद गेला नसता.

मिस चालत येऊन तिच्यापाशी थांबल्या. वाकून बघितलं. मग उभं राहून आमच्याकडे वळल्या.

"हे हिला कोणी शिकवलं?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"मी, मॅडम. घरी रोज घेतो मी तिची प्रॅक्टिस. जिग केलंय त्यासाठी एक."

"काय केलंय?"

मी उठून उभा राहिलो आणि हातांनी दाखवत सांगितलं. प्लाय, पट्ट्या, नट, काटा. दर आठवड्याला थोडं थोडं. मी जरा मोठ्याने बोलत होतो, बाकीच्या पालकांनाही ऐकू जावं म्हणून. मिसने मला पूर्ण बोलू दिलं. मग त्या मुलीला म्हणाल्या, "प्लिए कर." प्लिए म्हणजे त्याच पोझिशनमध्ये गुडघे वाकवायचे. गुडघे पावलांच्या वर यायला हवेत. माझ्या मुलीचे गुडघे पुढे गेले आणि पावलं बाजूला राहिली. तळव्याची कमान जमिनीवर लोळली. एखादा भाग चुकीचा जोडला की दिसतो तसं ते दिसत होतं. मला लगेच दिसलं. या बाबतीत माझी नजर तयार आहे.

मिसने तिला जमिनीवर पालथं झोपवलं, गुडघा दुमडून पाय हलकेच आतबाहेर फिरवून बघितले. मुलीने तोंड जमिनीत खुपसलं होतं. मग मिस उकिडव्या बसून तिच्याशी बोलल्या, पण हॉल शांत होता, सगळं ऐकू आलं.

"हे वळणं पायातून नसतं बाळा. इथून असतं, खुब्याच्या सांध्यातून. तो सांधा जेवढा फिरतो तेवढंच पाऊल बाहेर जातं. तुझा इतका फिरतो. बहुतेकांचा इतकाच फिरतो. मला तेवढंच हवं होतं."

"मग मी?" मुलीने विचारलं.

"तुझं नाव मी कधीच धरलं होतं. उडीला तू सगळ्यांत हलकी आहेस." मिस थोड्या थांबल्या. "पण या गुडघ्यांवर मी तुला पॉइंटवर नाही चढवणार. बरं, आता ऊठ. माझ्यासाठी एकदा पहिली कर. जोर लावायचा नाही. तुझी आहे तेवढीच."

मुलगी उठली. टाचेला टाच लावली. पावलं बाहेर नेली, थोडी आत आणली, पुन्हा बाहेर नेली. खाली बघितलं. मग तिने वर बघितलं, मिसकडे नाही, माझ्याकडे.

"पप्पा, किती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तिची आहे तेवढी किती, ते मी कधी मोजलंच नव्हतं. मी खुर्चीवर बसलो. ती तशीच पाय आतबाहेर करत उभी राहिली, शेवटी मिसने तिचे खांदे धरून तिला बाजूला नेलं आणि दुसऱ्या मुलीचं नाव पुकारलं.

रिक्षात ती बाहेर बघत होती. मी म्हणालो, "दुसरी मिस बघू आपण. अंधेरीला आहेत चांगल्या." हे मी खरंच म्हणालो. माफी मागायच्या आधी. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर सतत ताण आलाय, वाटीही सरकते आहे, वाढतं वय आहे, विश्रांती आणि व्यायाम. उड्या बंद. किती दिवस ते सांगता येत नाही. हे सांगताना त्यांनी विचारलं, "पडली होती का?" बायको म्हणाली, "नाही. उभी होती." डॉक्टरांना कळलं नाही, आणि तिने पुढे सांगितलंही नाही. घरी येऊन फळा मी लगेच मोडला. बायको म्हणाली, "आता कोणासाठी मोडताय? आवाज नका करू, ती झोपलीय."

मी मुलीची माफी मागितली. नीट मागितली, तिच्यासमोर जमिनीवर बसून. ती म्हणाली, "ठीक आहे पप्पा." गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून ती मोबाईल बघत होती. मी तिथेच बसून राहिलो तेव्हा म्हणाली, "ठीक आहे म्हटलं ना. जा ना आता." मला तिच्याकडून आणखी काहीतरी हवं होतं. तिने रडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला तिला जवळ घेता आलं असतं. तेही मला माझ्यासाठीच हवं होतं.

तिच्या बरोबरीच्या चार मुली वर गेल्या. त्यांचे नवे बूट घातलेले फोटो क्लासच्या ग्रुपवर आले. माझ्या मुलीने प्रत्येक फोटोखाली टाळ्यांचं चित्र टाकलं.

मिसने तिला एक पर्याय दिला होता. गुडघे सुधारले की सगळ्यांत लहान बॅचमध्ये ये आणि पहिल्या पोझिशनपासून पुन्हा सुरू कर. मला वाटलं नव्हतं ती जाईल. गेल्या वर्षीपासून ती जाते. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ही बारा वर्षांची, बाकीच्या तिच्या कमरेला लागतात. तिने आईला एकच अट घातली, आणायला-सोडायला पप्पांनी यायचं नाही. बायकोने ती मला जेवताना सांगितली, मीठ मागावं तशी. मी हो म्हणालो.

एकदा मात्र मी गेलो. कारखान्यातून लवकर निघालो आणि शाळेच्या फाटकाबाहेर नारळपाणीवाल्याच्या गाडीआड उभा राहिलो. हॉलची खिडकी तिथून दिसते. ती रांगेच्या टोकाला उभी होती, पहिल्या पोझिशनमध्ये. पावलं थोडीशीच बाहेर, गुडघे बरोबर पावलांच्या वर, पाठ सरळ, मान मोकळी. मी कधी बघितली नव्हती अशी उभी होती. मला भरून यायला हवं होतं. माझ्या मनात आलं, अजून थोडे उघडता येतील. मी नारळाचे पैसे दिले आणि पाणी न पिताच निघालो.

गेल्या महिन्यात ती क्लासवरून आली तेव्हा मी दारातच होतो. ती हसत आली होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले. मला बघून तिचं हसू गेलं नाही, इतकी ती खूश होती.

"पप्पा, मिस म्हणाल्या गुडघे एकदम मस्त झालेत. म्हणाल्या दोन वर्षांनी पॉइंटचं बघू. बघू म्हणाल्या!"

"दोन वर्षं?" मी म्हणालो. "एवढी कशाला?"

माझ्या तोंडून ते निघून गेलं. बायकोने आतून हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. मुलीने चपला काढल्या, एक एक करून, स्टँडमध्ये नीट ठेवल्या.

"म्हणूनच तुला काही सांगत नाही मी," ती म्हणाली. रागाने नाही. मग आत गेली आणि आईला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगू लागली. भिंत पातळ आहे, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी दारातच उभा राहिलो.